डिचोलीच्या बागेतली घोडी

डिचोलीच्या पालिका बागेत देशभरातले घोडेस्वार येऊन स्पर्धा खेळणार, ही बातमी विनोदिनीला नवऱ्याच्या डोक्यावर वाचायला मिळाली. गोकुळदास बाजारातून बांगडे घेऊन घरी आला तेव्हा त्याने निळी टोपी घातली होती आणि टोपीवर उडी मारणारा घोडा छापला होता.

“ह्या काय घातल्यात डोक्यार?” विनोदिनीने विचारले.

“माका समन्वयक केल्यानी,” गोकुळदास म्हणाला. “स्थानिक समन्वयक. आमच्या बागेत घोडे येतले.”

“खंयच्या बागेत?”

“डिचोलीत बागो किती आसत गो?”

बाग एकच होती. तिच्यात रोज पहाटे विनोदिनी आणि तिची शेजारीण रुक्मिणी फेऱ्या मारत. विनोदिनीची सगळी नोकरी वीज खात्यात, बिलं भरून घेण्याच्या खिडकीमागे गेली होती. निवृत्त झाली तरी तिचा आवाज अजून खिडकीमागचाच होता. बागेतल्या झोपाळ्यांजवळ मुलांचे भांडण लागले की ती लांबूनच “रांगेत या” म्हणायची आणि मुलं खरंच रांगेत यायची. त्या बागेतल्या हिरवळीवर वाळू पसरणार, भोवती पत्रे ठोकणार आणि महिना दीड महिना कोणाला आत सोडणार नाहीत, हे ऐकल्यावर तिने बांगडे तसेच ठेवले आणि रुक्मिणीकडे गेली. संध्याकाळपर्यंत बाग बचाव समिती उभी राहिली आणि विनोदिनी तिची अध्यक्ष झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फाटकाच्या डाव्या खांबावर ‘घोड्यांचे स्वागत असो’ आणि उजव्या खांबावर ‘बाग आमची, तबेला नव्हे’ असे दोन फलक लागले. पोस्टमन दोन्ही वाचायचा आणि पत्र मधूनच टाकायचा. घरात दोघांचे बोलणे सुनेमार्फत चाले. सून सुविधा शाळेत शिक्षिका. सकाळी घाईत असायची.

“सुविधा, त्यांका सांग, चाय थंड होता.”

“सुविधा, तिका सांग, माका दिसता.”

“तुमी दोघांय एकाच टेबलार बसल्यात,” सुविधा म्हणायची आणि पर्स उचलून निघून जायची.

पालिकेने लोकांचे म्हणणे ऐकायला सभा बोलावली. सभागृहातली कदेलं, म्हणजे खुर्च्या, भरली, मग लोक जनेलांत, खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले. आयोजकांच्या वतीने कोमल नावाची मुलगी आली होती. लोकांना वाटले होते कोणी सुटाबुटातला माणूस इंग्रजीत बोलेल. ही निघाली पेडण्याकडची, कोरगावची. बापाची काजूची बाग, आणि ही पुण्याला शिकायला गेली ती घोड्यावर बसायला शिकून आली. तिने स्पर्धेची माहिती नीट सांगितली. बाजारातल्या दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. मग विनोदिनी उठली आणि म्हणाली, बागेत म्हातारी माणसं चालतात, पोरं खेळतात, ती महिनाभर कुठे जातील ते आधी सांगा. तिलाही टाळ्या पडल्या. सभा चांगली रंगात येत होती, तेवढ्यात मागून कोणीतरी विचारले, “आणि लीद कोण काढतलो?”

नगराध्यक्ष म्हणाले, आयोजक काढतील.

“काढून खंय टाकतले?”

हा प्रश्न करणारा दत्ताराम होता. आमोण्याला नदीकाठी त्याची मिरची आणि वाल. तो म्हणाला की घोड्याची लीद भाजीला चांगली, ती फुकट घालवू नये, आमोण्याला पाठवावी. तशी सुर्ल्याचा एकजण उठला. त्याचे म्हणणे, आमची जमीन खाणीने उघडी पाडली आहे, खताची गरज आम्हाला जास्त. दत्तारामने विचारले, तुमच्या उघड्या जमिनीत काय लावणार, दगड? त्यावर सुर्लेकर कदेल मागे सारून पुढे आला. बाग, झाडं, म्हातारी माणसं सगळी बाजूला राहिली आणि न आलेल्या घोड्यांच्या न पडलेल्या लिदीच्या वाटणीवर डिचोली तालुका तासभर भांडला. नगराध्यक्षांनी शेवटी लिदीसाठी उपसमिती नेमली तेव्हा कुठे लोक खाली बसले.

कोमल हे सगळे शांतपणे ऐकत होती. सभा संपताना ती म्हणाली, “तुम्ही भांडताय त्यातल्या कितीजणांनी घोडा जवळून बघितलाय? मी आठवडाभर एक घोडी बागेत आणून ठेवते. कोपऱ्यातली जागा पुरे. रविवारी मी तिच्यावर बसून उड्या मारून दाखवते. त्यानंतर तुम्ही ठरवा.”

याला नाही म्हणायला कोणाला कारण सापडले नाही. विनोदिनीने शोधले, पण तिलाही नाही.

घोडी आली. तपकिरी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, नाव सुरंगी. बागेच्या मागच्या कोपऱ्यात जांभळाखाली बांबूचे कुंपण करून तिला ठेवले. सगळी डिचोली बघायला लोटली. पोदेरसुद्धा पावाची टोपली सायकलवर तशीच ठेवून उभा राहिला. विनोदिनीने जाहीर केले की आपण त्या कोपऱ्याकडे बघणार नाही. पण बागेतली वाट गोल. फेरी मारायची तर जांभळाखालून जाणे आलेच. ती मान दुसरीकडे वळवून, तरातरा चालत जांभळ ओलांडायची.

तिसऱ्या दिवशी तिने मान वळवली आणि केसांना हिसका बसला. सुरंगीने कुंपणावरून गळा लांब करून तिच्या अंबाड्यावरचा जाईचा वळेसर ओढून घेतला होता आणि डोळे अर्धे मिटून ती तो चावत होती.

“मेले,” विनोदिनी म्हणाली. “देवाक घालूची फुलां आधी केसांत माळलंय, आणि तू खातंस?”

सुरंगीने तिच्या खांद्यावर नाक टेकले आणि भसकन श्वास सोडला. तो गरम श्वास मानेवर आला तशी विनोदिनी थांबली. रुक्मिणीने बघितले की ती बरीच थांबली.

“गे, समितीची अध्यक्ष तू,” रुक्मिणी म्हणाली.

“मी तिका वरडतंय,” विनोदिनी म्हणाली, पण वरडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने फुलवालीकडून दोन वळेसर घेतले. एक माळला, एक पिशवीत ठेवला. जांभळाखाली आल्यावर रुक्मिणीला म्हणाली, “तू फुडे हो, माज्या चपलेत खडो गेलो.” रुक्मिणी पुढे झाली. त्या दिवसापासून विनोदिनीच्या चपलेत रोज जांभळाखालीच खडा जाऊ लागला. रुक्मिणी मैत्रीण म्हणून गप्प राहिली. म्हणजे तिने फक्त तिच्या दोन बहिणींना सांगितले.

इकडे गोकुळदासचे वेगळेच होते. टोपी घालून तो रोज बागेत जायचा, आलेल्या लोकांना घोडीकडे पाठवायचा, घोड्यांचे गुण सांगायचा, पण स्वतः कारंज्याच्या पलीकडे उभा राहायचा. सुर्ल्याच्या खाणीवर त्याने आयुष्यभर दहा चाकी ट्रक चालवले होते. घाटात ब्रेक गेलेला ट्रक त्याने डोंगराला लावून थांबवला होता, असे तो सांगायचा. ट्रकला पाय नसतात. एकदा तो कारंज्यापाशी कोणाला तरी सांगत होता, “घोडो म्हणजे एकदम गरीब जनावर,” तेवढ्यात सुरंगी लांबून फुरफुरली आणि गोकुळदास कारंज्यात गेला. पाणी घोट्याएवढेच होते. त्याने तिथूनच वाक्य पुरे केले.

विनोदिनीने हे फेरी मारता मारता बघितले. त्याने तिला खडा काढताना बघितले होते. त्या दिवशी घरी चहा थंड होतो हे विनोदिनीने सुविधाला न सांगता सरळ त्यालाच सांगितले.

रविवारी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. हिरवळीवर रंगीत दांड्यांचे अडथळे मांडले होते. एका बाजूला खुर्च्यांवर दुकानदार आणि निळ्या टोप्या, दुसऱ्या बाजूला बाग बचाव समिती काळ्या फिती लावून. मध्ये नगराध्यक्ष, दोन्हीकडे हसून बघत. ध्वनिक्षेपकवाल्याने आवाज तपासायला जोरात कर्णा वाजवला, तशी सुरंगीचे कान मागे गेले.

कोमलने तिला एक फेरी दुडक्या चालीने फिरवली. पहिला दांडा सुरंगी पिसासारखी ओलांडून गेली. निळ्या टोप्या उठून टाळ्या वाजवू लागल्या. दुसऱ्या दांड्याच्या अलीकडे कालच्या पाण्याने हिरवळ भिजलेली होती. तिथे सुरंगीचा मागचा पाय सरकला. ती सावरली, पण दांड्यासमोर येऊन थांबली. कोमलने टाच लावली, मानेवर थोपटले. सुरंगीने इकडे बघितले, तिकडे बघितले, आणि वळून सरळ काळ्या फितींच्या दिशेने चालू लागली.

समितीच्या बायका खुर्च्या सोडून पळाल्या. अध्यक्ष तेवढी बसून राहिली. सुरंगी तिच्यासमोर आली, मान खाली घातली आणि तिच्या डोक्यावरचा वळेसर अलगद काढून खाऊ लागली. सवयीने विनोदिनीने पिशवीतला दुसरा काढून पुढे धरला.

आधी विरोधकांनी टाळ्या वाजवल्या, कारण घोडीने उडी मारली नव्हती आणि हा विनोदिनीचा डाव आहे अशी त्यांची समजूत झाली. समर्थकांनीही टाळ्या वाजवल्या, कारण खुद्द विरोधी अध्यक्ष घोडीला भरवत होती. नगराध्यक्षांनी दोन्ही टाळ्या आपल्यासाठी धरल्या आणि ध्वनिक्षेपक विनोदिनीकडे पाठवला.

विनोदिनी उभी राहिली. एक हात सुरंगीच्या नाकावर होता, तो तिने काढला नाही.

“मी खोटे बोलणार नाही,” ती म्हणाली. “ही घोडी मला आवडते. मी रोज तिला फुलं घालते, रुक्मिणीला माहीत आहे आणि रुक्मिणीला माहीत म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आता आठवडाभर बघून सांगते. हिला इथे पळायला मिळत नाही. चार ढांगा टाकल्या की कुंपण येते. आताच पाय सरकला, तुम्ही बघितलात. तो कर्णा वाजला तेव्हा ही थरथरत होती. म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी जागा द्यायची, आणि ज्यांच्यासाठी द्यायची त्यांनाही ती पुरायची नाही, याला काय अर्थ आहे? घोडे येऊ देत. मोठ्या जागेत येऊ देत.”

दुकानदारांत कुजबूज झाली. त्यांनी गोकुळदासला पुढे ढकलले. समन्वयकाने उत्तर द्यावे. गोकुळदास टोपी सारखी करत आला, घोडीपासून लांब वळसा घेत आला, आणि त्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला. सुरंगीने त्याच्याकडे मान वळवली, तसा तो नगराध्यक्षांच्या मागे गेला.

“माका घोड्यांचो भंय वाटता,” तो तिथून म्हणाला. “टोपी दिल्यानी म्हणान घेतली. बायल सांगता ता बरोबर आसा.”

लोक इतके हसले की पुढचे भाषण झालेच नाही. पण हसून झाल्यावर कोमल घोडीवरून उतरली आणि नगराध्यक्षांना म्हणाली, बाई बोलल्या ते मलाही पहिल्या दिवसापासून वाटत होते. जागा वरच्यांनी ठरवली होती. आमच्या कोरगावला सड्यावर, वरच्या कातळपठारावर, मोकळी जमीन आहे, माझ्या काकांशी आणि गावाशी बोलते. दुकानदारांना काही हे रुचले नाही. त्यांनी महिनाभर विनोदिनीला साखर मोजताना हात आखडता घेतला. दत्ताराम मात्र तिथल्या तिथे कोमलच्या काकांचा फोन नंबर मागू लागला, कारण लिदीची उपसमिती अजून बरखास्त झाली नव्हती. आणि पुढच्या आठवड्यात नगराध्यक्षांच्या नावाने दोन फलक लागले: बाग वाचवल्याबद्दल एक, गोव्यात स्पर्धा आणल्याबद्दल एक.

थंडीत कोरगावच्या सड्यावर स्पर्धा झाली. डिचोलीहून माणसं टेंपो करून गेली. गोकुळदासने विनोदिनीला गाडीतून नेले आणि गाडी लांब लावून काचा वर करून आत बसला. सुरंगीला बक्षीस मिळाले नाही. एक दांडा पाडला. विनोदिनीचे म्हणणे, दांडाच नीट बसवलेला नव्हता, आणि ते ती पंचांना सांगायला निघाली होती. कोमलने तिला धरून मागे तबेल्याकडे नेले.

तिथे सुरंगी दाणा खात होती. विनोदिनी तिची मान खाजवत उभी राहिली आणि मग, जणू बिलाचा आकडा विचारावा तसे तिने विचारले, “माज्या वयाक हिच्यार बसूक मेळता?”

“बसा ना,” कोमल म्हणाली. “मी लगाम धरते.”

स्टूल आणले. साडीचा प्रश्न निघाला; रुक्मिणीने तो ओचा खोचून सोडवला. विनोदिनी वर चढली तेव्हा घोडी तिला वाटली होती त्याहून फार उंच निघाली, आणि सुरंगीची पाठ खालून जिवंत, ऊबदार हलत होती. पहिली काही पावले तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले. सड्यावरून खाली काजूची झाडं, त्यांच्यापलीकडे भातखाचरं, आणि वाटेने धोतर सावरत पळत येणारा दत्ताराम, हातात दोन रिकामी पोती.

गाडीचे दार उघडल्याचा आवाज आला. गोकुळदास उतरला होता. तो थांबत थांबत जवळ आला, घोडीच्या सावलीला पाय लागणार नाही इतक्या अंतरावर उभा राहिला आणि त्याने मोबाइल वर धरला.

“हय बघ,” तो म्हणाला.

विनोदिनीने त्याच्याकडे बघितले. सुरंगीनेही बघितले. गोकुळदास एक पाऊल मागे गेला, पण एकच.

“अजून जवळ येवा,” विनोदिनी वरून म्हणाली. “थंयसून फोटोत माजा तोंड बारीक येतला.”