एका सरळ टाक्याची लाज

मित्रांनो, मी बोटभर लांबीचा एक जुना दाभण आहे. सुई ही माझी धाकटी बहीण. ती कापडात शिरते आणि मी पुठ्ठ्यात शिरतो. एका लोहाराने सायकलच्या मोडक्या चाकातली तार घेतली, तिचे एक टोक ठोकून चपटे केले आणि त्यात नेढे पाडले. दुसरे टोक दगडावर घासून अणकुचीदार केले. अशी माझी घडण झाली. घडताना मला फार दुखले, पण घडल्यावर मी चांगला चमकत होतो.

पुस्तकांची बांधणी करणाऱ्या एका माणसाने मला घेतले. तेच माझे मालक. त्यांच्या हाताखाली मी पुष्कळ काम केले. शाळेची फाटकी पुस्तके, वाचनालयातले जाडजूड ग्रंथ, दवाखान्याच्या वह्या, सगळ्यांच्या पाठीतून मी गेलो. दोऱ्याला मेण लावायचे, मला ओवायचे आणि सरळ रेषेत टाके घालायचे, हे मालकांचे काम. "पान फाटेल, पण याचा टाका सुटणार नाही," असे गिऱ्हाईक म्हणत. ते ऐकून मी मनात फुगत असे. काम संपले की मालक मला एका बुचात टोचून सदऱ्याच्या खिशात ठेवत. त्यामुळे ते जिथे जात तिथे मीही जात असे.

मालकीणबाई पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवत आणि गिऱ्हाइकांशी बोलत. टाका घालणे त्यांना कधी जमले नाही. मालक कमी बोलत, त्यामुळे दोघांचे मिळून त्या एकट्याच बोलत. "सगळ्या गावाची पुस्तकं सरळ करता, स्वतःचा भांग तेवढा वाकडा," असे म्हणून त्या हसत. ज्या घरात दुकान होते ते घर त्यांना वडिलांकडून मिळाले होते. त्यांना मूलबाळ नव्हते. एक धाकटा भाऊ होता, तो दुसऱ्या गावी राहत असे.

मग मालकीणबाई आजारी पडल्या. आपल्यामागे घराचे काय करायचे ते त्यांनी टाईप करवून घेतले. दवाखान्यातला म्हातारा कंपाउंडर आणि एक नर्स यांच्यासमोर त्यांनी शेवटच्या पानावर सही केली. अशा कागदाला मृत्युपत्र म्हणतात. पाने होती तीन, आणि कोपऱ्यात एक पिन. काही दिवसांनी मालकीणबाई गेल्या. दुकान गप्प झाले. खळीचे भांडे कोरडे पडले.

मालकांनी तो कागद बाहेर काढला तेव्हा मी खिशात होतो. पिन वाकडी लागली होती आणि गंजायला लागली होती.  बायकोचा शेवटचा कागद असा लोंबकळत कसा ठेवायचा, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी पिन उपटली, पाने जुळवली, पांढऱ्या दोऱ्याला मेण लावले आणि मला हाती घेतले. त्या दिवशी मी जितका सरळ टाका घातला तितका आयुष्यात कधी घातला नव्हता. मला त्याचा केवढा अभिमान वाटला! मित्रांनो, आज तो टाका आठवला की मला तोंड लपवावेसे वाटते.

त्याच आठवड्यात मालकीणबाईंचा भाऊ आला. भर दुपारी उन्हातून चालत आला होता.

"भाऊजी, घर आमच्या वडिलांचं आहे," तो दारातूनच म्हणाला. "माझं काही आहे की नाही त्यात?"

"तिनं लिहून ठेवलंय."

"दाखवा मग."

"कोर्टात बघ."

भाऊ दारातच उभा होता. मालकांनी त्याला बस म्हटले नाही. पाणीसुद्धा विचारले नाही. तो आला तसाच उन्हात परत गेला.

असा वाद निघाला की मृत्युपत्र खरे आहे असे आधी कोर्टाने ठरवावे लागते, तेव्हाच घर नावावर होते. त्याला प्रोबेट म्हणतात. तालुक्याच्या कोर्टात कारकुनाने कागद हातात घेतला, खिडकीशी नेला आणि उजेडात धरला.

"काका, हे शिवलं कुणी?"

"मी," मालक कौतुकाने म्हणाले. "नीट केलं."

"नीट?" कारकुनाने कपाळाला हात लावला. "अहो, इथं पिनेची भोकं दिसतायत. पिन काढली म्हणजे पान बदललं असेल, असं कोणीही म्हणेल. त्यातून घर तुम्हालाच मिळणार! करायला गेलात गणपती आणि झाला मारुती."

मालकांची मान खाली गेली. कोर्टाने नातेवाइकांना नोटीस काढली आणि भावाने हरकत घेतली. मधले पान बदलले आहे, असे त्याचे म्हणणे होते. गावात कुजबुज सुरू झाली. बायकोचा कागद बदलला म्हणे, असे लोक बोलत. गिऱ्हाईक येईनासे झाले. मी बुचात नुसता पडून राहू लागलो आणि माझ्यावर गंज चढू लागला. घर मालकीणबाईंच्या वडिलांचे आणि मूलबाळ नाही, त्यामुळे मृत्युपत्र टिकले नाही तर ते भावाकडे जाणार होते आणि मालकांना दुकानासकट बाहेर पडावे लागणार होते.

सुनावणीच्या दिवशी वकिलांनी मालकांना व्हरांड्यात बाजूला घेतले. "काका, एकच वाक्य बोला. कागद मला असाच मिळाला. कारकुनाशी बोललात ते तोंडी होतं, ते कुठं लिहिलेलं नाही."

मालकांनी मान हलवली. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर त्यांना तेच विचारले गेले आणि ते म्हणाले, "हो. असाच मिळाला. तिनंच शिवला असेल."

मागच्या बाकावरून भाऊ ओरडला, "ताईनं? ताई सदऱ्याला बटण लावायचं तर शेजारच्या काकूंकडे पाठवायची!"

सगळे हसले. न्यायाधीश बाईंनी टेबलावर हात आपटला.  शेवटी मालकांनी मला खिशातून बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले.

"खोटं बोललो, बाई. पिन मीच काढली, मीच शिवलं. या दाभणानं."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. मी गंजलेला, वर मेणाचे डाग. आयुष्यभर मी लोकांच्या कौतुकाच्या नजरा पाहिल्या होत्या. ही नजर वेगळी होती.

मग कंपाउंडर उभा राहिला. "शेवटच्या पानावरची सही बाईंचीच, माझ्यासमोर केली," तो म्हणाला. "पण मधलं पान हेच होतं का, ते मी कसं सांगू? मी काही वाचलं नव्हतं."

न्यायाधीश बाईंनी मधले पान भावापुढे धरायला सांगितले. "तुमची हरकत याच पानाला आहे ना? मग तुम्हीच वाचा. मोठ्यानं."

भाऊ वाचू लागला. घर नवऱ्याला द्यावे, असे त्यात होते. पुढे होते, "माझा भाऊ भांडायला येईल. तो लहानपणापासून उपाशीपोटी भांडतो. त्याला आधी जेवायला वाढावे, मग बोलावे. माझ्या नवऱ्याला हे आपणहून सुचायचे नाही, म्हणून लिहून ठेवते."

 भावाने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"हे ताईचंच आहे," तो म्हणाला. "भाऊजींना सात जन्मात असं लिहिता यायचं नाही. माझी हरकत मी मागे घेतो."

न्यायाधीश बाईंनी मालकांकडे पाहिले. "हे तुम्ही आधी वाचलं होतं?"

"हो."

"आणि हे त्यांचे भाऊ आले होते तुमच्याकडे?"

"आले होते."

"मग?"

मालकांनी माझ्याकडे पाहिले. मला वाचता येत नाही, मित्रांनो. त्या ओळीच्या शेजारूनच मी दोरा ओढून नेला होता आणि माझे सगळे लक्ष टाका सरळ पडतो की नाही याकडे होते. मालकांना मात्र वाचता येत होते.

मृत्युपत्र कोर्टाने खरे मानले. पण खोटे बोलल्याबद्दल मालकांना सर्वांसमोर फार ऐकून घ्यावे लागले.  त्या गडबडीत मी टेबलावरच राहिलो. कारकुनाने मला एका पाकिटात घातले आणि त्या तीन पानांबरोबर बांधून टाकले. तो बांधत असतानाच मला खिडकीबाहेरून मालकांचा आवाज ऐकू आला.

"अरे, थांब. जेवून जा."

"आता कशाला, भाऊजी?"

पुढचे ऐकू आले नाही, कारण कपाटाचे दार बंद झाले. भाऊ थांबला का, जेवला का, मला ठाऊक नाही. भावामागे गेलेले मालक मला न्यायला परत आले नाहीत, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या हत्यारांना तेल लावा, गंजू देऊ नका, हे तर तुम्ही करालच. माझी विनंती निराळी आहे. तुमच्या घरातले कोणी गेले आणि मागे चार ओळी ठेवून गेले, तर त्या आहेत तशा राहू द्या. पिन वाकडी असेल तर वाकडीच राहू द्या. पण त्यात काय सांगितले आहे ते सावकाश वाचा, आणि ज्याला वाढायला सांगितले असेल त्याला त्याच दुपारी वाढा.