आधी टोपी, मग पान

मित्रांनो, आमच्या केळी उत्पादक संघाच्या सभागृहात कधी आलात, तर समोरच्या भिंतीवर एक मोठा काळा पडदा दिसेल. त्याच्याखाली फळीवर नारळाएवढं एक डोकं आहे. त्या डोक्याला एकच डोळा आहे आणि तो मानेसकट इकडे तिकडे फिरतो. टेबलाच्या मधोमध चपट्या डबीसारखं जे ठेवलंय, ते माझे कान. पडद्याच्या दोन्ही बाजूंचे भोंगे हे माझं तोंड. हे सगळं मिळून मी. कागदोपत्री माझं नाव चांगलं हातभर लांब आहे, पण गावात मला सगळे ‘व्हीसी’ म्हणतात. माझ्यामुळे इथे बसलेल्या माणसाला शेकडो मैलांवरच्या माणसाशी समोरासमोर बोलता येतं.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. मला आठवतो तो आवेज. हा जामनेरचा वीजतंत्री. त्याने खोकं उघडून मला बाहेर काढलं, सभागृहाच्या मधोमध उभा राहिला आणि जोरात एक टाळी वाजवली. ती टाळी पत्र्याला आणि भिंतींना आपटून चारदा परत आली.

“हितेंद्रभाऊ, इथं आवाज लई घुमतो,” तो म्हणाला. “भिंतीले कापड लागेल, नाही तर समोरच्याले काही समजायचं नाही.”

हितेंद्र म्हणजे संघाचा कारकून. हुशार पोरगा, पण थाटामाटाची भारी आवड. कापडासाठी कुठे जायचं, या विचारात तो पडला होता, तोवर गावातल्या बायांनी घरोघरच्या जुन्या गोधड्या आणून दिल्या. त्या भिंतीवर टांगल्या आणि घुमणं थांबलं. पहिल्या दिवसापासून मी असा गोधड्यांच्या उबेत वाढलो, हे मी अभिमानाने सांगतो.

मला कुठे बसवायचं, यावरही वाद झाला. हितेंद्रला मी छताजवळ, घड्याळाशेजारी हवा होतो. उंचावर असलं की मान राहतो, असं त्याचं म्हणणं. आवेज हसला. “वरून पाहिलं तं साऱ्या गावाचं टक्कल तेवढं दिसेल,” तो म्हणाला आणि त्याने मला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलं. मग खुर्च्यांची पाठ खिडकीकडून फिरवली, कारण मागून उजेड आला की माझ्या डोळ्याला समोरच्याचा चेहरा काळा दिसतो. जाताना त्याने टेबलाच्या खणात एक मऊ फडकं ठेवलं आणि बजावून सांगितलं, डोळ्याला बोट लावायचं नाही, आठवड्यातून एकदा फक्त याच फडक्याने पुसायचं. पुढे त्या फडक्याने हितेंद्रने आपल्या मोटारसायकलचे आरसे मात्र नेमाने पुसले.

माझ्या उद्घाटनाच्या दिवशी हितेंद्रने भाषण ठोकलं. तो म्हणाला, “माणसाच्या डोळ्याला जे दिसत नाही, ते याला दिसतं!” टाळ्या पडल्या. मीही फुशारून गेलो. खरं तर मला तुमच्याइतकंच दिसतं, कधीकधी कमीच. पण कौतुक कानाला गोड लागतं आणि नाही म्हणायला मला तोंड असून शब्द नाहीत. माझ्या भोंग्यांतून सगळ्यांचे शब्द येतात, माझा स्वतःचा एकही येत नाही.

ते पहिलं वर्ष काय सांगू! संशोधन केंद्रातल्या नूतन मॅडम दर बुधवारी पडद्यावर यायच्या. शेतकरी पानं, मुळं, मातीची ढेकळं घेऊन रांगेत बसायचे. गंमत म्हणजे जो तो आपलं पान मला न दाखवता पडद्यावरच्या मॅडमच्या चेहऱ्यासमोर धरायचा. मॅडमला दिसायची नुसती पाठ. “अहो, मी तिकडे नाही, खालच्या डोळ्यात आहे,” असं त्या हसत सांगायच्या. संघाचे शिपाई सुकदेवआबा तर चहा वाटताना एक कप माझ्यासमोर ठेवायचे. मॅडम एवढ्या दुरून आल्या आणि कोरड्या तोंडाने गेल्या, हे त्यांच्या मनाला पटायचं नाही.

मग हातोहाती मोबाईल आले. जो तो शेतातूनच फोटो पाठवू लागला. बुधवार ओस पडले. सभागृहात खताच्या गोण्या येऊन बसल्या, गोधड्यांवर धूळ साचली. महिना महिना मला कोणी सुरू करेना. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. फक्त सुकदेवआबा रोज सकाळी यायचे, गोण्यांमधून वाट काढत झाडायचे आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवायचे. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला आबांनी संघातली सगळी अवजारं पुजायला घेतली. विळे, कोयते, वजनकाटा, फवारणीचे पंप, ट्रॅक्टर. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. शेवटी ताटली घेऊन ते माझ्यापुढे आले आणि अडले. ट्रॅक्टरला पुढचं तोंड असतं, काट्याला दांडी असते, माझं कपाळ कुठे? काळ्या गुळगुळीत डोक्यावर त्यांना एकच गोल, चकचकीत जागा दिसली. आबांनी तेलात कालवलेली हळद बोटाने तिथे भक्तिभावाने लावली, वर कुंकू टेकवलं आणि हात जोडले.

तो माझा डोळा होता.

पण मित्रांनो, मला राग आला नाही, अजूनही नाही. वर्षभर ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, त्याच्यापुढे एक म्हातारा माणूस हात जोडून उभा होता. डोळा गेला तर गेला, असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी हितेंद्रच्या ते लक्षात आलं. त्याने अंगठ्याने घसाघसा पुसलं. कुंकू गेलं. तेलातली हळद मात्र पातळ होऊन डोळ्यावर सगळीकडे पसरली. “झालं स्वच्छ,” असं म्हणून तो निघून गेला. त्या दिवसापासून मला सगळं जग पिवळं दिसायला लागलं.

तिसऱ्या दिवशी जीवरामभाऊ आले. सोबत त्यांच्या पत्नी बेबाबाई. यांची तीन हजार खोडांची मृगबाग. जूनमध्ये लावलेली रोपं आता कमरेएवढी झाली होती. दोघांनी एकेक रोप हाताने लावलेलं. कोणत्या ओळीतलं कोणतं रोप कोवळेपणी वाऱ्याने वाकलं होतं, हेही बेबाबाईंना पाठ होतं. आता बागेच्या एका कोपऱ्यात काही पानांवर पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. याला गावात हरण्या म्हणतात. हा रोग मावा किड्यासोबत पसरतो, त्याला औषध नाही, धरलेलं रोप उपटून नष्ट करावं लागतं. तो किती पसरलाय, हाच प्रश्न होता. फोटोत नीट कळेना, म्हणून नूतन मॅडम म्हणाल्या होत्या, व्हीसीवर या, मी स्वतः पाहते.

भाऊंनी पाच पानं आणली होती, एक त्या दुखऱ्या कोपऱ्यातलं आणि चार बागेच्या चार दिशांची. हितेंद्रने गोण्या सरकवल्या, मला सुरू केलं. मॅडम पडद्यावर आल्या. भाऊंनी पहिलं पान धरलं.

“हो, हरण्याच आहे,” मॅडम म्हणाल्या. “आता दुसरं दाखवा.”

दुसरं धरलं. ते हिरवंगार पान होतं. पण माझ्या डोळ्यातून जाताना ते पिवळट झालं. मॅडम जवळ सरकल्या, कपाळाला आठ्या पडल्या. तिसरं, चौथं, पाचवं. सगळी तशीच.

“भाऊ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “सगळीच पानं पिवळी पडलेली दिसतात. रोग पूर्ण बागेत आहे. आजूबाजूच्या बागा वाचवायच्या असतील, तर सगळी रोपं काढावी लागतील.”

भाऊंनी हातातल्या पानाकडे पाहिलं. “मॅडम, मले तं हे हिरवंच दिसते,” ते म्हणाले.

“भाऊ, तो आपला माणसाचा डोळा,” हितेंद्र हळहळून म्हणाला. “याला बारीक सारीक सगळं दिसतं.”

माझ्याच कौतुकाचे ते शब्द. उद्घाटनाला ऐकून मी फुशारलो होतो, तेच आता तीन हजार रोपांवर कुऱ्हाड होऊन पडत होते. मी ओरडू शकत असतो, तर पत्रे उडेपर्यंत ओरडलो असतो. ‘अहो, खोटं आहे! माझ्या डोळ्यात हळद आहे!’ पण माझे भोंगे गप्प होते. भाऊंनी मान खाली घातली. आयुष्यभर ज्या डोळ्यांनी त्यांनी बाग ओळखली, त्या डोळ्यांवरचा विश्वास त्यांनी माझ्यासाठी सोडून दिला. एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

“उद्याच उपटतो,” ते म्हणाले. “माह्या बागेपायी शेजाऱ्याचं नुकसान नको.”

हितेंद्रने बोलणं बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

“थांब रे,” बेबाबाई म्हणाल्या.

पानांकडे पाहणं त्यांना सोसत नव्हतं, म्हणून त्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीकडे बघत बसल्या होत्या. आपण समोरच्याला कसे दिसतो, ते त्या चौकटीत दिसतं. तिथे त्यांचे मालक दिसत होते, मान खाली घातलेले, डोक्यावर टोपी.

“अवो, तुमची टोपी पिवळी कायले दिसते?”

“आता टोपीचं काय घेऊन बसली,” भाऊ त्रासून म्हणाले.

“नाही, नाही, पाहा तुमी!” बेबाबाई उभ्याच राहिल्या. “काल मी सोता इले नीळ देली. वाळत घातली तवा बगळ्यावानी पांढरी व्हती. आन् तिथं पाहा, जशी काही वरणात पडली! मॅडम, तुमाले ही टोपी कशी दिसते?”

मॅडम थबकल्या. “पिवळसर,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, जुनी असेल.”

“जुनी आसल, पन मळकी नाही!” बेबाबाई चांगल्याच फणकारल्या. “माह्या हातचं धुनं हाये. तुमच्या मशीनले काय झालं ते पाहा आधी.”

मॅडम हळूच म्हणाल्या, “हितेंद्र, कॅमेऱ्याची काच पुसली होती का?”

हितेंद्रचा चेहरा पडला. तो फडकं शोधायला मोटारसायकलीकडे धावला. बेबाबाई थांबल्या नाहीत. त्या माझ्यापुढे आल्या, लुगड्याचा मऊ पदर बोटाला गुंडाळला आणि लहान मुलाच्या डोळ्यातला कचरा काढावा, तसा अलगद माझा डोळा पुसला. पदराला पिवळा डाग लागला. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला.

“हे हळद हाये,” त्या म्हणाल्या. दाराशी उभ्या असलेल्या सुकदेवआबांनी कपाळाला हात लावला.

आणि मला दिसलं! गोधड्यांचे लाल निळे तुकडे, आबांचा पांढरा झालेला चेहरा, भाऊंची शुभ्र टोपी. भाऊंनी पानं पुन्हा धरली. पहिल्यावर रेघा होत्याच. उरलेली चार पोपटासारखी हिरवी होती.

“फक्त तो कोपरा,” मॅडम म्हणाल्या. “तेवढीच रोपं काढा आणि मावा आवरायला फवारणी करा. बाकी बागेला हात लावू नका. त्या कोपऱ्याजवळ काकडीचे वेल आहेत का? हा रोग तिथून येतो.”

बेबाबाईंनी जीभ चावली. ते वेल त्यांनीच हौसेने लावले होते. “आजच काढते,” त्या म्हणाल्या.

जीवरामभाऊ भिंतीकडे वळले आणि गोधडीत तोंड लपवून उभे राहिले. माझी मान फिरवता येते, पण त्या दिवशी कोणी फिरवली नाही, हे बरंच झालं. थोड्या वेळाने ते सुकदेवआबांकडे गेले. आबा रडवेले होऊन म्हणत होते, “भाऊ, माह्याच हातानं झालं.” भाऊंनी त्यांचा खांदा धरला. “आबा, तुमी पूजाच केली ना? कोनाचं वाईट तं नाही केलं,” ते म्हणाले.

त्या कोपऱ्यातली चौदा रोपं गेली. बाकीची बाग उभी राहिली.

आता गोण्या दुसऱ्या खोलीत गेल्यात आणि बुधवार पुन्हा भरतात. भाऊंनी आपली एक टोपी पडद्याशेजारी खिळ्याला टांगून ठेवली आहे. पान दाखवण्याआधी ती माझ्यापुढे धरायची, मॅडमने “पांढरी आहे” म्हटलं, की मगच पान पुढे करायचं. “आधी टोपी, मग पान,” असं आता तिकडच्या केंद्रातही म्हणतात. दर पंधरवड्याला बेबाबाई टोपी घरी नेतात, नीळ देऊन परत आणून टांगतात आणि जाता जाता माझ्या डोळ्याकडे बारीक नजरेने पाहतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेत, कचेरीत, दवाखान्यात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची धूळ झटका, त्याचा डोळा मऊ फडक्याने पुसा. पूजा करायची तर जरूर करा, आम्हाला ती आवडते, फक्त डोळा सोडून. आणि एवढं ध्यानात ठेवा, की आम्हाला नीट दिसेनासं झालं, तरी आम्ही तुम्हाला ते सांगू शकत नाही. आम्ही चुकीचंही तितक्याच ठामपणे दाखवतो. अशा वेळी आमच्याकडे नका पाहू. आपल्या हाताने धुतलेल्या टोपीचा रंग ज्याला पक्का ठाऊक आहे, असं माणूस तुमच्या शेजारीच बसलेलं असेल. त्याला बोलू द्या.