तेरा वर्षांखालील

विश्वंभरनं खताच्या रिकाम्या पोत्यात सोयाबीनचं भुस्कट दाबून भरलं, तोंड सुतळीनं शिवलं आणि पोतं तिसऱ्या बेसच्या जागेवर टाकून त्यावर दोन उड्या मारून बघितल्या. पोतं जागचं हललं नाही. बघायला जमलेली पोरं हसली, मग त्यालाही हसू आलं.

जागा किसनरावांच्या खळ्याची होती. सोयाबीन निघाल्यापासून खळं मोकळंच पडलं होतं. पण नऊ-नऊ जणांचं बेसबॉल त्यात मावणार नव्हतं, आणि विश्वंभर शिकवायचा त्या एवढ्याशा शाळेत तेरा वर्षांखालची नऊ तरबेज पोरं गोळा करणंही कठीणच होतं. म्हणून विश्वंभरनं पाच-पाच जणांचा खेळ बसवला होता. मऊ चेंडू, सुतारानं घडवलेल्या दोन बॅटी आणि खळ्यापुरते नियम. किसनरावांनी एकच अट घातली होती, शेजारच्या तुरीत कुणी शिरायचं नाही. तेव्हा तुरीत चेंडू गेला की मारणारा बाद. बॅट टाकून पळायचं हे कसलं क्रिकेट, असं गावानं पहिल्या वर्षी बरंच ऐकवलं होतं. यंदा मात्र जवळा बाजारच्या आसपासच्या आठ शाळांनी नावं दिली होती आणि सामने उद्या सकाळी सुरू व्हायचे होते.

तुरीच्या नियमानं लांब मारणाऱ्या पोरांची पंचाईत व्हायची. फायदा झाला तो शिवकन्याचा. आठवीतली ही पोरगी वर्गात सगळ्यात बुटकी. ती चेंडू कधी लांब मारायचीच नाही. दोघांच्या मधून जमिनीलगत सरकवायची आणि समोरचे एकमेकांकडं बघेपर्यंत पहिल्या बेसवर जाऊन उभी असायची. तीन महिने विश्वंभरनं तिच्याभोवती संघ बांधला होता. ती कर्णधार होती आणि हे तिनं घरी दारी, सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

दुपारी वर्गात सगळ्या शाळांचे शिक्षक नावांची यादी आणि जन्मतारखा तपासायला बसले. हा नियमही विश्वंभरचाच. मागच्या वर्षी पलीकडच्या गावच्या प्रमोद सरांचा एक पोरगा तेरा वर्षं एकवीस दिवसांचा निघाला, तेव्हा विश्वंभरनं त्याला बाहेर बसवलं होतं. पोरगा दिवसभर झाडाखाली रडत होता. कागद म्हणजे कागद, असं विश्वंभर त्या वेळी चारचौघांत म्हणाला होता आणि ते त्याला तेव्हा फार शोभून दिसलं होतं.

प्रमोद सरांनी शिवकन्याच्या नावावर बोट ठेवलं. आठवीतली मुलगी तेराच्या आत कशी, एवढंच त्यांनी विचारलं. विश्वंभर म्हणाला, लहान आहे हो, बघा की तिच्याकडं. आणि निवांतपणे कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढायला उठला. पोरगी बारा वर्षांची आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं कागद बघितलाच नव्हता.

पान उघडलं आणि त्याचा हात थांबला. १ जून २०११. खालच्या तीन नावांपुढंही तीच तारीख. अक्षर त्याचं स्वतःचं होतं, तेव्हाचं, गोल आणि देखणं.

सगळं एकदम आठवलं. सात वर्षांपूर्वी शाळेचा पट सत्तावन्नवर अडला होता. एकसष्ट झाले तर तिसऱ्या शिक्षकाची जागा टिकणार होती, आणि तो तिसरा शिक्षक म्हणजे विश्वंभर. जागा गेली असती तर त्याची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली असती. इथं नुकतंच घर बांधायला काढलं होतं. मग तो वस्तीवर फिरला आणि चार लेकरं घेऊन आला. सहा पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत घेता येत नव्हतं. तेव्हा ज्यांचा जन्मदाखला नव्हता त्यांच्यापुढं त्यानं शाळा उघडायच्या महिन्याची पहिली तारीख लिहिली आणि वर्ष लागेल तसं मागं नेलं. पूर्वीपासून गुरुजी असंच करत आले होते. शिवकन्या तेव्हा साडेचार वर्षांची होती, वर्गात झोपून जायची.

‘साडेतेरा भरले की सर,’ प्रमोद सर रजिस्टरात वाकून म्हणाले. त्यांच्या आवाजात सूड नव्हता, उलट अवघडलेपण होतं. ‘काय करायचं? तुमीच सांगा.’

खोलीत सात शिक्षक होते. ही तारीख खोटी आहे आणि ती मी लिहिली आहे, एवढं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं. त्यानं रजिस्टर मिटलं.

‘माझ्याकडून बघायचं राहिलं,’ तो म्हणाला आणि शिवकन्याच्या नावावर रेघ मारली. ती मारताना त्याला स्वतःची लाज वाटली.

शिवकन्याला त्यानं खळ्यातच सांगितलं. ती भांडली नाही. मला बारावंच सरलंय सर, आई सांगते, दिवाळीत सरलंय, एवढं म्हणाली आणि तो काही बोलेल म्हणून थांबली. त्यानं नजर पोत्याकडं वळवली, तशी चप्पल हातात घेऊन घराकडं निघाली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघवेना म्हणून विश्वंभर उगाच पोत्याची शिवण तपासत बसला. मग उठला आणि तिच्या मागोमाग वस्तीवर गेला.

शिवकन्याची आई, नीलाबाई, अंगणात कापूस वेचून आलेलं गाठोडं सोडत होती. गुरुजींना बघून तिनं पदर सारखा केला, बाज ओढून दिली आणि आधी लेकीलाच रागावली, की गुरुजींपुढं वयावरून काहून वाद घातला. शिवकन्या दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

‘तिला नका बोलू ताई,’ विश्वंभर उभ्यानंच म्हणाला. ‘ती खरं बोलली. रजिस्टरातली तारीख खोटी आहे. मीच लिहिली ती. शाळेचा पट भरायचा होता म्हणून दीड वर्ष वाढवून लिहिली.’

नीलाबाईचे हात थांबले. त्याला वाटलं आता ती उद्याच्या सामन्याचं विचारेल. तारीख दुरुस्त होईपर्यंत तिला खेळवता येणार नाही, आणि त्याला महिने लागतील, हे उत्तर तो वाटेतच जुळवून आला होता. तारीख कशी दुरुस्त करणार, कुणापुढं काय कबूल करणार, ते मात्र त्यानं जुळवलं नव्हतं.

नीलाबाईनं सामन्याचं नावच काढलं नाही. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. एकदा चुकली, पुन्हा पहिल्या पेरापासून मोजायला लागली.

‘गुरुजी, अठरा कवा भरत्यात मंग हिला?’

विश्वंभरनं मनात हिशेब केला. ‘अजून सहा वर्षांनी. दोन महिने कमी, एवढंच.’

‘आमी तर साडेचार वरसं धरून बसलो,’ ती म्हणाली. ‘हिच्या आत्यानं मागणी घातलीय. अठरा भरले की त्याच उन्हाळ्यात करायचं, असं बोलणं झालंय. मी कवाची सांगून राहिले, लेकरू लहान हाय, माझ्या पोटचं हाय, मला ठावं न्हाई का. तर हिचे बाबा म्हणत्यात, गुरुजीनं लिहिलंय त्ये खोटं असंल व्हय? तू काय गुरुजीपरीस शानी हायेस?’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विश्वंभरला मात्र वाटलं, तिनं ओरडून बोलावं. त्यानं लिहिलेल्या एका ओळीनं इतकी वर्षं या घरात एका बाईला गप्प बसवलं होतं आणि तो रोज याच वाटेनं शाळेत जात होता.

शिवकन्याचा अंगठा थांबला होता.

‘मी अर्ज करतो,’ तो म्हणाला. ‘माझ्या नावानं, सगळं खरं लिहून. वरून जे व्हायचं ते होऊ दे.’

‘त्यो अर्ज कराच,’ नीलाबाई म्हणाली. ‘पण आदी हिच्या बाबापुढं सांगाल का? माझं न्हाई ऐकणार ते. बैलं सोडायला गेलेत, येतच असत्याल.’

खळ्यात अजून दोन बेस लावायचे होते आणि उद्याच्या सामन्यांची जुळणी राहिली होती. निघायला कारणं भरपूर होती. विश्वंभर बाजेवर बसला.

थोड्या वेळानं शिवकन्याचा बाप बालाजी कासरा खांद्यावर टाकून आला आणि गुरुजींना अंगणात बघून ओशाळला. पोरगीनं काही केलं का, असं त्यानं विचारलं. मग आतल्या बाजूला वळून चहा टाकायला सांगितलं.

‘चहा राहू द्या बालाजीराव. बसा,’ विश्वंभर म्हणाला. ‘मी एक खोटं लिहिलंय. ते तुम्हांला सांगायचंय.’

एरवी पुरुषमाणसं बोलायला बसली की नीलाबाई चुलीकडं जायची. आज ती लेकीला घेऊन उंबऱ्यातच बसली.