ते बांडगूळ नव्हतं

"हळू काढा, व्यंकटदादा. मुळं तुटू देऊ नका."

व्यंकटनं आंब्याच्या बेचक्यात पाय रोवले होते. खुरप्याचं टोक सालीला टेकवून त्यानं खाली पाहिलं.

"बांडगुळाला काय हळू न् काय जोरात, म्याडम? जाळायचंच हाय की."

"जाळू नका. मी घेऊन जाते. तपासायला पाठवते."

एवढं बोलून लुंबिनीनं नजर वळवली. पहिलं खोटं बोलताना निदान जीभ अडखळली होती. हे दुसरं मेंढरामागं मेंढरू यावं तसं आपोआप आलं.

शेजारी व्यंकटची आई, केवळाबाई, डोळ्यांवर हात धरून वर बघत होती. गावरान आंब्याचं ते झाड तिच्या सासऱ्यानं लावलेलं. त्याच्या आडव्या फांदीवर ते रोप कितीतरी वर्षं बसून होतं. लांब, पन्हाळीसारखी पानं आणि पांढुरक्या जाड मुळ्यांचा फांदीला पडलेला विळखा.

"आमी कदी त्याला हात लावला न्हाई," केवळाबाई म्हणाली. "बांडगूळ म्हणजे ते लाल फुलाचं, येगळंच असतंय न?"

"ही दुसरी जात आहे, मावशी. सावकाश पिते. वरून कळत नाही, पण झाड आतून वाळत जातं."

केवळाबाईनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. एवढी वर्षं आपल्या ध्यानात आलं नाही, याचं वाईट मात्र दिसत होतं. व्यंकटनं रोप खाली दिलं तेव्हा तिनं ते घेतलं नाही, लांबूनच पाहिलं. लुंबिनीनं ते गोणपाटात गुंडाळलं आणि स्कूटीच्या पुढच्या जागेत, दोन पायांच्या मध्ये, जपून ठेवलं.

ऑर्किडचा नाद तिला वर्षभरापूर्वी लागला होता. नवऱ्यानं, आनंदराजनं, नांदेडहून एक जांभळं रोप आणलं होतं. फुलं गेल्यावर लुंबिनीनं त्याला रोज पाणी घातलं आणि महिन्याभरात ते बुडातून कुजलं. शेतीचं शिक्षण घेतलेल्या बाईच्या हातून कुंडीतलं एक झाड जगू नये, हे तिच्या मनाला फार लागलं. दुसरं तिनं फोनवरून मागवलं. ते आलं तेच सुकून, आणि उन्हाळ्यानं उरलेलं काम केलं. तिसरं तेवढ्याच किमतीचं आणायचं तिला धाडस होईना. मग नांदेडला गेली की नांदेडच्या, माहेरी औशाला गेली की लातूरच्या रोपवाटिकांमध्ये ती विचारत फिरायची, शिकायला एखादं साधं, स्वस्तातलं आहे का. एका म्हाताऱ्या रोपवाटिकेवाल्यानं तिला सरळच सांगितलं होतं, "ताई, ही थंड हवेची लाडकी लेकरं. आपल्या इकडच्या उन्हात टिकणारं काही बघा."

आणि मोहोरावरचे तुडतुडे पाहायला केवळाबाईच्या आंब्याखाली उभी राहिली, मान वर केली, तर उन्हात टिकणारं ऑर्किड डोक्यावरच होतं. रानातलं, फुकटचं.

मागायचं तेवढं होतं. पण गावात कृषी सहायक म्हणून आल्यापासून लुंबिनीनं कुणाकडून मुगाची ओंजळही घेतली नव्हती. आधी लोक तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचे. बाई, त्यातून कुणाची, हे विचारून झालेलं असायचं. फवारणीचं सांगितलं की मान हलवायचे आणि दुकानदाराला विचारून औषध आणायचे. दोन हंगाम गेले तेव्हा कुठं तिच्या शब्दाला वजन आलं. आता म्याडमला काहीतरी पाहिजे असं म्हणायला तिचं तोंड उघडेना. केवळाबाईनं "काय बगून राहिलात वर?" असं विचारलं, आणि लुंबिनी जराशी अडखळली, मग बैठकीत बोलते त्या आवाजात म्हणाली, "मावशी, हे बांडगूळ आहे."

बिलोलीतल्या भाड्याच्या घरी तिनं रोप लाकडी खोक्यात बसवलं. माती घातली नाही, नुसते कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. व्हरांड्यातल्या आढ्याला टांगलं. पंधरवड्यात मुळ्यांच्या टोकांना हिरवा कोंब दिसू लागला. आनंदराज शनिवारी आला की आधी खोक्याखाली उभा राहायचा.

"आणलंस कुठून?"

"शेतावरून. असंच."

होळीच्या आधी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर व्यंकटचा आवाज आला. "कृषी सहायक म्याडमचं सांगणं हाय, आंब्यावर, चिंचंवर, मोहावर ते जाड पानाचं बांडगूळ असंल तर काढून टाकावं. झाड आतून वाळतंय. समद्यांनी आपापली झाडं बगून घ्यावीत." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती.

लुंबिनीनं लिहायला घेतलं. 'तसं काही करू नका' एवढं लिहून झालं. मग पुढं काय? कारण विचारतील. चुकलं म्हणावं, तर तुडतुड्यांचं औषध तरी बरोबर होतं का, असं कुणीतरी म्हणणारच. तिनं लिहिलेलं पुसलं, फोन पालथा ठेवला आणि भाकरी थापायला बसली. चार दिवसांनी गटावर होळीचे फोटो आले. गोवऱ्या-लाकडांच्या ढिगावर हिरव्या पानांचा हा एवढा भारा. तिनं फोटो मोठा करून पाहिला. फुलांचे दांडे नुकते धरले होते.

तेव्हापासून ती केवळाबाईच्या शिवाराकडं फिरकली नाही. जायचं काम निघालं की दुसऱ्या वाटेनं जायची.

उन्हाळा तापला आणि व्हरांड्यातल्या रोपाला फूल आलं. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधोमध निळीजांभळी जीभ. संध्याकाळ झाली की गोडसर वास घरभर पसरायचा. किती दिवस वाट पाहिलेली गोष्ट, पण लुंबिनी तिथं खुर्ची टाकून बसली नाही. शेजारीण फोटो काढायला आली तेव्हा ती आत कपड्यांच्या घड्या घालत राहिली. बुद्धपौर्णिमेला औशाला विहारात वडिलांच्या मागं पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी तिचा आवाज इतका बारीक झाला की शेजारी बसलेल्या आईनं वळून पाहिलं.

"घसा बसला का गं?"

"हाव," ती म्हणाली. विहारात बसून आणखी एक.

खरिपाच्या आधीची बैठक केवळाबाईच्याच गावात, शाळेच्या व्हरांड्यात ठरली. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी तपासून घ्या, हे सांगायचं होतं. लुंबिनी पोचली तेव्हा माणसं जमायची होती. पण केवळाबाई फाटकापाशी उभी होती, जणू तिचीच वाट बघत.

"किती दिसांनी आलात. चला, आधी एक काम हाय माज्यासंग."

"काय झालं, मावशी?"

"माजी जाऊ हाय, गुणाबाई. तिला तुमी सांगा. दुसऱ्या कुणाचं ऐकंना."

बांधाबांधानं चालताना केवळाबाई बोलत होती. यंदा आंबा लई लागला, फांद्यांना टेकू द्यावे लागले, ही सगळी म्याडमची कृपा. लुंबिनीला सांगावंसं वाटलं की यंदा सगळ्या तालुक्यातच आंबा लागलाय. पण ती पायाखालची वाट बघत चालत राहिली. गावातली एकूण एक झाडं साफ झाली होती. राहिलं होतं ते बांधावरचं एक, गुणाबाईच्या वाटणीला आलेलं. व्यंकट चढायला गेला तर ती झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"तुज्या झाडावरून माज्या झाडाला लागंल म्हणलं, तरी बी न्हाई. होळीपासनं बोलणं बंद हाय आमचं. तीस वर्सं एका चुलीवर खाल्लं आमी."

केवळाबाईचा आंबा वाटेतच लागला. ज्या फांदीवर ते रोप होतं तिथं सालीवर मुळ्यांचे फिकट वण राहिले होते. लुंबिनीनं पाहिलं आणि पुढं झाली.

गुणाबाई शेळीला पाला टाकत होती. दोघींना येताना पाहून ती झाडापाशी सरकली. जावेकडं तिनं बघितलं नाही. तिच्या डोक्यावर आंब्याच्या तीन फांद्या त्याच पिवळसर फुलांनी लगडल्या होत्या. तोच वास. व्हरांड्यात एका रोपाचा यायचा, इथं अख्खा बांध भरून राहिला होता.

"आल्या का म्याडम," गुणाबाई शांतपणे म्हणाली. "मला शिकलेलं काय कळत न्हाई. पर मी लगीन होऊन आले तवापासून हे असंच हाय अन् झाड बी असंच हाय. तुमीच सांगा. खरंच पितंय का हे?"

केवळाबाई म्हणाली, "सांगा तिला."

लुंबिनीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती पुन्हा उचलली. मग फांदीकडं बघत म्हणाली, "नाही."

केवळाबाई वळून तिच्याकडं बघू लागली.

"नाही पीत. झाडावर नुसतं बसतं. पाणी हवेतलं घेतं. हे बांडगूळ नाही, केवळामावशी. मला माहीत होतं."

"मग?"

"मला ते रोप पाहिजे होतं. घरी लावायला."

केवळाबाईनं आधी गुणाबाईकडं बघितलं, मग तिच्या डोक्यावरच्या फुलांकडं. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मागितलं असतं तर दिलं नसतं का मी?"

त्यात राग असता तर लुंबिनीला बरं वाटलं असतं. बाई खरंच विचारत होती.

"मी परत आणून देते."

"आता कशाला? तिथं धरलंय न त्यानं?"

"हाव."

"मग ऱ्हाऊ द्या." केवळाबाई बांधावर बसली. मग ती जावेला म्हणाली, "व्यंकटनं तुला लोटलं होतं का गं त्या दिशी?"

"न्हाई. हात धरला होता निस्ता," गुणाबाई म्हणाली. हातातला पाला शेळीपुढं टाकून ती जावेजवळ येऊन बसली.

शाळेकडून कुणीतरी हाक मारली. माणसं जमली होती. लुंबिनी निघाली तशी केवळाबाई उठली आणि तिच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "हे गावात बोलू नका. मी सांगते, म्याडमनी बगितलं, गुणाचं झाड ठेवलं तर चालतंय. मिटलं. लोकांनी तुमचं ऐकलं पायजे. बियाण्याचं कोण ऐकंल मग?"

परत येताना लुंबिनी सगळ्यात मागं चालली. केवळाबाईचं म्हणणं खोटं नव्हतं. गेल्या साली घरचं बियाणं न तपासता पेरलेल्यांवर दुबार पेरणीची वेळ आली होती. यंदा ऐकलं नाही तर पुन्हा येईल. गप्प राहण्यात गावाचं भलं होतं, आणि तिचंही. ते दोन्ही एकाच दिशेला जात होतं, याचीच तिला भीती वाटली.

व्हरांड्यात सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं बसली होती. बायका दाराच्या बाजूला. केवळाबाई आणि गुणाबाई शेजारी शेजारी येऊन बसल्या तशी दोघीतिघींनी एकमेकींकडं पाहिलं. व्यंकटनं पुढं होऊन लुंबिनीला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"बियाण्याआधी एक सांगायचंय," ती म्हणाली. केवळाबाईनं मान खाली घातली. "आंब्यावरचं जे तुम्ही काढून जाळलं, ते बांडगूळ नव्हतं. त्यानं झाडाला काही होत नाही. मी खोटं सांगितलं होतं. मला एक रोप हवं होतं म्हणून. होळीआधी गटावर आलं तेव्हाही मी गप्प राहिले."

मागं कुणीतरी खाकरलं. व्यंकट भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. गावभर फिरून झाडांवर चढला होता तो.

"मी आवाज दिला होता गटावर," तो म्हणाला. "म्याडमचं सांगणं हाय म्हणून."

"हाव. चूक तुमची नाही, दादा. माझी आहे."

"मग आता सोयाबीनचं सांगणार ते तरी खरं कशावरून?"

लुंबिनीनं पिशवीतून गोणपाटाचा तुकडा काढला.

"माझ्या शब्दावर जाऊ नका. घरी करून बघा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. आठवड्यानं उघडायचं आणि किती उगवले ते तुमचं तुम्ही मोजायचं. सत्तरच्या खाली आले तर बियाणं बदला. मला विचारायचीही गरज नाही."

दोघं-तिघं उठले. चपला शोधताना ते आपसात काहीतरी बोलले, आणि त्यांच्या मागं आणखी काही जण निघाले. व्यंकट व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून पाठमोरा उभा राहिला. केवळाबाई जागची हलली नाही, पण तिनं वर पाहिलंही नाही. लुंबिनी गोणपाटाचा तुकडा हातात धरून तशीच उभी राहिली. तो परत पिशवीत ठेवावा की कसं, ते तिला कळेना.

बायकांच्या बाजूनं गुणाबाई पुढं सरकली. तिनं तो तुकडा लुंबिनीच्या हातातून घेतला, दोन बोटांनी चोळून पाहिला.

"पाणी किती मारायचं याला?" तिनं विचारलं.