मरियाआत्याची घंटा

संगमनेरच्या अलीकडे प्रवरेच्या काठाला आमची ख्रिस्ती वाडी. वाडीत घड्याळ दिसायचं ते पाळकसाहेबांच्या खिशात, आणि पाळकसाहेब दिसायचे महिन्यातून एकदा. बाकी सगळा कारभार देवळापुढच्या घंटेवर. थोडी वाजून थांबली की उपासना. थांबलीच नाही की कुठंतरी आग लागली, भांडी भरून पळा. नदीपलीकडच्या मराठ्यांच्या वस्तीलाही हे पाठ होतं.

घंटा वाजवायचा आमोसबाबा. मुदतीच्या तापात त्याचे दोन्ही कान गेले, तरी वाजवायचा तोच, कारण त्याचे कान म्हणजे त्याची बायको, मरियाआत्या. तिचे पाय बाळंतवातात लुळे पडलेले. ते मूलही राहिलं नव्हतं. तो तिला पाठुंगळी घेऊन यायचा आणि घंटेच्या खांबाजवळच्या दगडावर बसवायचा. लोक जमले की ती त्याच्या धोतराचा सोगा ओढायची. ओढ बसली की तो दोर सोडायचा, तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसायचा, हात मागे करायचा. ती त्याच्या गळ्यात हात टाकायची आणि दोघं देवळात शिरायची.

"आत्या, घोडं चांगलं शिकवलंयस," मी म्हणायची.

"व्हय गं दया, पर दाना लई खातंय," ती म्हणायची. बाबाला ऐकू येत नसे, पण आम्ही हसलो की तोही हसायचा.

मोठी लढाई संपली त्या साली आत्यानं अंथरूण धरलं. रविवारी बाबा एकटाच आला आणि वाजवत राहिला. त्याला थांबवायचं असतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ते आत्याचं काम. पलीकडची माणसं घागरी घेऊन नदीतून धावत आली, तर इथं आम्ही गीतांची पुस्तकं उघडून बसलेलो. थोरले पंच योहानकाका शरमेनं काळेठिक्कर पडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोर वर गुंडाळून बांधला आणि घंटा स्वतःकडे घेतली.

मी पंचांपुढं जाऊन भांडले. बायकांनी तिथं बोलायची रीत नव्हती, पण माझ्या जिभेला रीत कधी ठाऊक होती?

"कान गेल्यात त्याचं, हात न्हाई गेलं! सोगा मी ओढीन की!"

"आनि तू मळ्यात असशील तवा?" काका म्हणाले. "अशानं खरी आग लागल तवा कोन येनार न्हाई."

त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून तर माझा जास्त संताप झाला. आमोसबाबाला कुणी काही सांगितलं नाही. तो खांबाशी आला, वर बांधलेला दोर बघत जरा वेळ उभा राहिला आणि घरी गेला.

पुढच्या रविवारी मी आत्याला पेज घेऊन गेले होते. घंटा झाली. आत्या कान देऊन ऐकत राहिली. बाबा चुलीपुढं बसून फुंकर घालत होता, त्याला काहीच पत्ता नाही.

"ह्यो योहान," आत्या म्हणाली. "लई घाई करतो." मग तिनं माझं मनगट धरलं. "दया, माजी घंटा ह्यांनीच वाजवावी. एवढं कर."

"करते," म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती गेली तेव्हा सुगी चालू होती. आमच्याकडे मयताची पेटी घरातून निघाली की घंटा सुरू करायची आणि ती देवळाच्या दारात टेकली की थांबवायची. बाबा पेटीबरोबर चाललाच नाही. सगळ्यांच्या पुढं सरळ खांबापाशी जाऊन उभा राहिला. दोर काकांच्या हातात होता.

"काका, आज दोर सोडा," मी म्हणाले.

"समदी वस्ती पुन्यांदा पळत येईल, दया."

"येऊ द्या. आगीपरीस काय कमी झालंय?"

"आनि थांबवायचं कुनी?"

"मी थांबवते."

बाबानं काकांपुढं हात जोडले. ह्याच योहानला त्यानं लहानपणी खांद्यावर बसवून गावभर फिरवलं होतं. काकांनी मान खाली घातली आणि दोर सोडला.

बाबा घंटा वाजवू लागला. मी आत्याच्या दगडावर बसले. पेटी आली, दारात टेकली. सोगा माझ्या हाताशी होता आणि माझा हात उचलेना. घंटा वाजतेय तोवर आत्या अजून वाटेत आहे, असं काहीतरी माझ्या मनानं घेतलं. एवढी भांडखोर बाई मी, पण एक सोगा ओढायचं मला धाडस होईना.

"दया, पुरं," काका हळूच म्हणाले. तरी मी बसूनच.

आणि नदीकडून माणसं आली. पुढं पलीकडच्या वस्तीतली छबूबाई, डोक्यावर भरली घागर, लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. मागं बाप्ये बादल्या घेऊन. पेटी दिसली तशी छबूबाई जागीच थांबली. घागर खाली ठेवली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. कुणी शिवी दिली नाही, कुणी परत फिरलं नाही. दोर बाबाच्या तळव्यांच्या रक्तानं लाल झाला होता.

मी सोगा ओढला.

त्यानं तत्क्षणी दोर सोडला. तोंडावर तीच नेहमीची सुटल्याची कळा. तो वळला, दगडाकडे पाठ करून उकिडवा बसला आणि दोन्ही हात मागे केले.

"चल, बस," तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "लोक खोळंबल्यात."

सगळी वाडी आणि सगळी वस्ती बघत उभी होती. त्याचे हात मागे तसेच धरलेले होते.