मोंढ्यातला मुका गल्ला

मी एक जुना गल्ला आहे. आणि एक ॲम्प्लिफायरही आहे. मित्रांनो, गोंधळू नका. माझं अंग जुनं आहे आणि आतडी नवी. एरवी या दोघांचं पटत नाही, पण आज दोघेही बोलायच्या लहरीत आहेत, म्हणून कहाणी सांगून घेतो.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गुरुपादप्पांची, म्हणजे आप्पांची, शेतकऱ्यांचं धान्य विकून देण्याची आडत आहे. त्यांच्या गादीशेजारी मी सागवानी अंगाने ऐटीत बसायचो. सकाळी दुकान उघडलं की ते आधी माझ्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढायचे आणि मगच कामाला हात लावायचे. "आपल्या तुरीत खडा न्हाई की कीड न्हाई," हे त्यांचं ब्रीद होतं. ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवलं नाही, तर त्यांना जेवण जात नसे.

पुढे पैसे फोनवरूनच येऊ-जाऊ लागले आणि माझं पोट रिकामं पडलं. माझ्यात सुतळीचे तुकडे, वाळलेली पेनं आणि आप्पांचा एक काडी तुटलेला चष्मा राहू लागला. भस्मही बंद झालं. रिकामा गल्ला आणि पडलेला पुढारी, दोघांकडे कोणी वळून बघत नाही. मला फार वाईट वाटायचं.

आप्पांचा मुलगा अमरेश. वय चाळिशीच्या पुढे, स्वभाव गरीब, पोट गादीवर बसून सुटलेलं. लातूरला कॉलेजात असताना त्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. आता मित्रांनो, इलेक्ट्रिक गिटारला आपला असा आवाज नसतो. तिच्या तारांशी कान लावला तर डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. तिचा आवाज मोठा करायला ॲम्प्लिफायर लागतो, आणि तो घ्यायच्या आधीच बिचाऱ्याला गादीवर बसावं लागलं. वीस वर्षं तो पोत्यांच्या आडोशाला बसून ती वाजवत होता आणि ते जगात कुणालाही ऐकू आलेलं नव्हतं. याचं त्याला किती दुःख होतं, ते फक्त मला आणि पोत्यांना ठाऊक.

ऐन तुरीच्या सराईत, म्हणजे हंगामात, त्याने मागवलेला एक खोका आला. त्यात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, एक स्पीकर, तारा आणि तुरीएवढे रंगीत पट्ट्यांचे पार्ट होते. सगळं घरी जोडायचं आणि ॲम्प्लिफायर तयार करायचा. पेटी मात्र खोक्यात नव्हती. अमरेशने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.

"अमऱ्या, गल्ल्याला भोकं कामून पाडून राहिला?" आप्पा ओरडले.

"आप्पा, यातून गिटार वाजणार हाय."

"आजवर यातून रुपया वाजला. आता गिटार?" आप्पांनी कपाळाला हात लावला. "बसव जयंतीपर्यंत हे बोललं तर ठीक. न्हाई तर हे डबडं आन ती गिटार, दोन्ही भंगारात. मंग पुन्हा नाव काढायचं न्हाई."

अमरेशचा चेहरा उतरला. भंगार हा शब्द ऐकून माझ्याही फळ्या हलल्या.

खोक्यात सगळं समजावून सांगणारं एक जाडजूड पुस्तकही होतं. पण मोंढ्यात पुस्तक वाचून तूर कोण घेतं? अमरेशने ते वजनकाट्याच्या आखूड पायाखाली सारलं. काटा छान स्थिर झाला. मग त्याने सगळे पार्ट सुपात ओतले आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. मूठ भरून घेतली, उजेडात धरली, एक पार्ट दाताखाली चावूनही पाहिला. "माल चांगला कडक हाय," असं म्हणून त्याने रंगाप्रमाणे वाटे पाडले. तांबडे एकीकडे, पिवळट दुसरीकडे. पट्ट्यांचा क्रम पाहायचा असतो, हे त्याला कोण सांगणार? सांगणारं पुस्तक काट्याखाली होतं.

तो जेवायला गेला आणि त्याची आई महानंदा दुकानात आली. घरात तिला सगळे अव्वा म्हणतात. सूप भरलेलं दिसलं की अव्वाचे हात आपोआप चालतात. तिने सूप उचललं आणि चांगलं पाखडलं. जड ते मागे राहिलं, हलकं ते पुढे उडालं. "कचरा लई होता बघ," तिने परत आलेल्या अमरेशला समाधानाने सांगितलं. दोघांनी फरशीवरून सगळं वेचून घेतलं. सगळं सापडलं, असं त्यांना वाटलं. एक पार्ट मात्र शेजारच्या तुरीच्या ढिगात शिरला होता. मी डोळ्यांनी पाहिलं, पण गल्ल्याला तोंड कुठे असतं? संध्याकाळी ती तूर पोत्यांत भरून शिवलिंगशेठच्या दाळमिलला रवाना झाली.

मग अमरेशने जोडणी सुरू केली. तापलेल्या लोखंडाने तारेला डाग द्यायचे, म्हणजे ती पक्की बसते. त्याचे पहिले डाग पाहून अव्वा म्हणाली, "सांडगे बरे घातलेस की." एकदा मला बंद करून त्याने लगेच आत बोट घातलं. बंद केल्यावरही माझ्या पोटात वीज साठून राहते, हे त्याला तेव्हा समजलं. तो पोत्यांवर जाऊन पडला. त्या दिवसापासून तो मला नमस्कार करूनच हात लावतो. वाटे चुकल्यामुळे पार्ट काढून पुन्हा लावण्यात सराई सरत आली. शेवटी सगळे आपापल्या जागी बसले आणि एक जागा रिकामी राहिली. मी मुकाच.

तो लातूरच्या दुकानात पार्ट मागायला गेला. "कोणता देऊ?" दुकानदाराने विचारलं. "तुरीएवढा. जरा पिवळट," अमरेश म्हणाला. दुकानदाराने त्याला पाणी विचारलं आणि हळूच घरी पाठवलं. पुस्तक काढावं, तर आप्पा काट्याला हात लावू देईनात. "सराईत काटा हलवायचा न्हाई!" मोंढ्यात मला लोक मुका गल्ला म्हणू लागले. हमालसुद्धा येता-जाता, "काय शेठ, बोलला का?" असं विचारून हसायचे. अमरेशने गिटारला गोणपाटात गुंडाळून ठेवलं, तेव्हा मला रडूच आलं असतं.

बसव जयंतीच्या आदल्या दिवशी शिवलिंगशेठ तावातावाने दुकानात शिरले. चारचौघांसमोर त्यांनी कागदाची पुडी उघडली.

"आप्पा, तुमच्या तुरीत ही नवीन कीड निघाली. अंगावर पट्टे हायत, दोन मिशा हायत. औषध मारलं तरी मरंना!"

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्यात अमरेश पुढे झेपावला. "माझा पार्ट!"

"काय थापा लावून राहिले," शिवलिंगशेठ म्हणाले. "कीड लपवायला पार्ट म्हणता व्हय?"

आप्पांनी एकदा पुडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी मला डबडं म्हटलं होतं. आता त्यांच्या तुरीची अब्रू माझ्या पोटात अडकली होती.

"कीड न्हाई ती," ते कडाडले. "आमच्या मशीनचा भाग हाय. अमरेश, लाव रे. समद्यांना ऐकव."

अमरेशने पार्टच्या मिशा पुसल्या, डाग दिला, गोणपाटातून गिटार काढून मला जोडली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

हमाल हसले. शिवलिंगशेठ रिकामी पुडी चुरगाळून जायला वळले. अमरेशने मान खाली घातली. मी आतून ओरडत होतो, थांबा, व्हॉल्व्ह तापू द्या! पण आप्पाच उठून जवळ आले आणि काचेपुढे वाकून बघू लागले. आत लालसर उजेड धरत होता.

"गप बसा," ते म्हणाले. "तापून राहिलंय. चहा तरी लगेच उकळतो का?"

सगळे थांबले. आधी माझ्यातून भुंग्यासारखी घरघर निघाली. मग अमरेशने तारांवरून हात फिरवला आणि वीस वर्षं अडलेला तो आवाज मोंढ्याच्या पत्र्यांवर जाऊन आदळला. कबुतरं उडाली. समोरच्या आडतीतला सौदा थांबला. हमाल हसायचे विसरले. अव्वाने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि कौतुकाने हसली. अमरेश वाजवत राहिला, वाजवता वाजवता रडत राहिला.

आप्पा शिवलिंगशेठकडे वळले. "कीड म्हणं!"

शिवलिंगशेठ हात जोडून निघून गेले. मग सर्वांनी आप्पांना विचारलं, पोरगं वाजवतं कसं? आप्पांनी अख्खं आयुष्य मालाची पारख करण्यात घातलेलं. त्यांनी डोळे मिटून आणखी थोडं ऐकलं. तीनदा सूर चुकला.

"काडीकचरा लई हाय," ते म्हणाले. "पण माल अस्सल हाय."

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, माझ्यावर चहाचा कप ठेवू नका, आणि मी बंद असलो तरी आत बोट घालू नका. आणि तुमच्या घरात कुणी नवं काही शिकत असेल, तर पहिल्या दिवशीच सूप उचलू नका. काही माणसंही माझ्यासारखीच असतात. बटण दाबल्यावर थोडं थांबावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बसव जयंती होती. सकाळी आप्पांनी दुकान उघडलं, भस्माची वाटी घेतली आणि गादीवर बसायच्या आधी ते माझ्यासमोर आले. माझ्या कपाळावर आता बटणं आहेत. त्यांनी बोटांनी नीट जागा शोधली आणि तीन पट्टे ओढले.