कोश्याच्या नावावरची जागा

मित्रांनो, माझ्या बॉनेटवर शेळी बसली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिच्या खाली जो पत्रा आहे तो पलटणीतला आहे, एवढंच बघा. मी जीप आहे, आणि साधीसुधी नव्हे, कर्नलसाहेबांना घेऊन डोंगर चढलेली जीप! आज पलूसजवळच्या एका वस्तीवर गोठ्याच्या कडेला उभी आहे आणि चाकांत हवा नाही, म्हणून कोणी मला भंगार म्हणत असेल तर म्हणो बापडा. बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरावं?

लष्करात मी बारा वर्षं काढली. रोज पहाटे मला धुतलं जाई, पुसलं जाई, आणि फाटकातून निघाले की पहारेकरी टाच आपटून सलाम ठोकी. सलाम आत बसलेल्या साहेबांना असतो, असं काहीजण सांगतात. मला तसं कधी वाटलं नाही. मग माझं वय झालं, असं कागदावर कुणीतरी लिहिलं आणि मला पुण्याच्या लिलावात उभं केलं. तिथं पन्नास माणसं माझ्या चाकांना लाथा मारून गेली. एकजण मात्र लाथ न मारता सरळ बॉनेट उघडून कान देऊन उभा राहिला. तो हवालदार मानसिंग. त्यानंही अठरा वर्षं लष्करात माझ्यासारख्याच जीपा चालवल्या होत्या. निवृत्तीचा पैसा हातात आला, त्यातून त्यानं मला सोडवून घरी आणलं.

घरी त्याची म्हातारी आई होती, बनुबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. शेवटची सात-आठ वर्षं तिला माणसाची नुसती सावली दिसे. लेक कायमचा घरी आला तेव्हा तिनं त्याचं तोंड हातांनी चाचपून पाहिलं. मानसिंगच्या मनाला ते फार लागलं. चौऱ्याहत्तरच्या थंडीत त्यानं सांगलीला नेऊन तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

डॉक्टर कडक होते. म्हणाले, "एक डोळा पार गेलाय. राहिला हा एकच. एकवीस दिवस रोज सकाळी इथं येऊन पट्टी बदलायची आणि दुपारी तीनला मला दाखवायचं. एसटीच्या गर्दीत आणायचं नाही, धक्का लागता कामा नये. आणि एक दिवस जरी चुकला तरी पुढचं मी सांगू शकत नाही."

त्या डोळ्याचा सगळा भार माझ्यावर आला, मित्रांनो. मी तो आनंदानं घेतला. खड्डा दिसला की मी असं अलगद चाक उतरवी की म्हातारीच्या मांडीवरचा डबासुद्धा हलत नसे. अडचण वेगळीच निघाली. सकाळी नऊ ते दुपारी तीन मी सांगलीत उभी कुठं राहायचं?

गावाकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही. बाभळीखाली थांबलं की झालं. सांगली पडली मोठं शहर. सायकल स्टँडवाल्यानं मला लांबूनच हात हलवला. दवाखान्याच्या आवारात डॉक्टरांच्याच मोटारी. एका गॅरेजवाल्यानं दिवसाचं भाडं असं सांगितलं, की मानसिंगची पेन्शन आठवड्यात संपली असती. पहिल्या दिवशी एका कापड दुकानासमोर उभी राहिले तर पोलिसानं माझ्या दोन चाकांतली हवा सोडली. कर्नलसाहेबांच्या जीपची हवा! दुसऱ्या दिवशी भाजीबाजाराच्या कडेला थांबले आणि चारी बाजूंनी हातगाड्या लागल्या. बाहेर पडेपर्यंत चार वाजले. डॉक्टर मानसिंगवर असे काही कडाडले, की लढाईत न डगमगलेला गडी खाली मान घालून परत आला.

तिसऱ्या दिवशी आम्हाला हरणाबाईचं आवार सापडलं. गुळाच्या पेठेमागं एक मोकळी जागा होती, मधोमध मोठा कडुलिंब. खेड्यांवरून आलेल्या बैलगाड्या तिथं सुटत आणि बैल सावलीत रवंथ करत बसत. जागा बाहुबली अण्णा नावाच्या व्यापाऱ्याची. त्यांनी ती विधवा हरणाबाईला एका बोलीवर वापरायला दिली होती, की शेतकऱ्याकडून एक पैसा घ्यायचा नाही. ती घेतही नसे. बैलांचं शेण मात्र तिचं. त्याच्या शेण्या थापून ती कुंभारांना आणि चहावाल्यांना विकी, आणि त्यावर तिचं घर चाले.

मी आत शिरताच हरणाबाई कमरेवर शेणाचे हात ठेवून आडवी आली.

"हवालदार, हिकडं न्हाई. ही तुमची गाडी दोन गाड्यांची जागा खाणार."

"मावशी, पैसे देतो की."

"पैसा घ्यायचा न्हाई ही बोली हाय अण्णांची. आन् तुमची मोटार शेण टाकती व्हय?"

सगळे गाडीवान खो खो हसले. एक करड्या अंगाचा कोसा बैलसुद्धा माझ्याकडे बघून फुरफुरला. मित्रांनो, मी तोफा ओढल्या आहेत, पण असा अपमान मला कधी सोसावा लागला नव्हता. आणि त्या बाईचं चुकत होतं असंही म्हणता येईना, ही त्याहून मोठी पंचाईत!

तेवढ्यात आतून बनुबाई बोलली. डोळ्याला पट्टी होती, पण जीभ शाबूत होती.

"शेणच पायजे न्हवं, बाई? आमच्या गोठ्यात चार म्हसरं हायती. उद्यापास्नं रोज बुट्टी भरून आणतो. मग तर झालं?"

हरणाबाई हसली. म्हणाली, "मग काय! या, लावा लिंबाखाली."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागच्या बाकावर, जिथं कर्नलसाहेबांचे नकाशे असत, तिथं शेणाची बुट्टी बसू लागली. पेठेतून जाताना पोरं ओरडत, "मिलिट्रीवाला शेण इकाय आला!" मानसिंगचे कान लाल होत. मी तर इंजिनाचा आवाज वाढवून ते बोलणं बुडवायला बघे. पण तीन वाजले की आम्ही वेळेवर दवाखान्यात असू, आणि मधल्या वेळात बनुबाई लिंबाखाली हरणाबाईशी बोलत सुखानं पडून राही.

सहाव्या दिवशी दवाखान्यातून मायलेक परत आले ते तोंड उतरवून. पट्टी बदलणाऱ्या नर्सबाईला बनुबाईच्या लुगड्याला शेणाचा वास आला होता. डॉक्टरांनी विचारलं, आणि मानसिंगनं भाबडेपणानं सगळं सांगून टाकलं.

"आये, डॉक्टर म्हणालं, ताज्या ऑपरेशनच्या डोळ्याला शेणाचा कण जरी लागला तरी पू होऊन डोळा जाईल. मी शिकलेला माणूस, आन् मला कळू नये?"

मानसिंग स्वतःवर इतका चिडला होता, की त्यानं कपाळ माझ्या चाकावर टेकवलं. ही मायलेकं खेड्यातली माणसं, शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाढलेली. शेण वाईट असतं, हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून? त्या संध्याकाळी त्यानं मला फिनेलनं आतून बाहेरून तीनदा धुतलं.

सकाळी आम्ही बुट्टीशिवाय आवारात आलो. मानसिंगनं सगळं सांगितलं. हरणाबाईचा चेहरा पडला.

"हवालदार, म्हातारीसाठी माझा जीव तुटतुया. पर एकाला फुकट सोडलं तर उद्या पेठेतलं समदं टेंपो आत घुसतील. मग ह्या गाडीवानांनी जायचं कुठं?"

बनुबाई पट्टीखालून कान देऊन बसली होती. पट्टीची वेळ होत आली होती आणि मला तर इंजिन बंद करायचाही धीर होईना.

तेव्हा आकाराम पुढे आला. अंकलीकडून रोज कडब्याची गाडी आणणारा हा गाडीवान. त्याचाच तो फुरफुरणारा कोसा बैल, कोश्या. तंबाखू थुंकून तो म्हणाला, "हरणाक्का, माझं बैल दोन, गाडी एक. डाव्या बैलाचं शेण माझ्या गाडीचं धर. कोश्याचं शेण आजपास्नं ह्या जीपचं. झाला का न्हाई हिशेब?"

"आरं, पर ते शेण मला तसंबी मिळतंयच की!"

"मिळतंय न्हवं? मग तुजं कमी काय झालं? नेम तर मोडला न्हाई!"

हरणाबाई अशी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. "लबाडा! लाव रं हवालदार, लाव गाडी. कोश्याच्या नावावर लाव."

अशी मला जागा मिळाली, एका बैलाच्या नावावर. बनुबाई मात्र आता शेणापासून लांब, तीनपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यातच थांबे. आधी मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण अठराव्या दिवशी आकारामची गाडी आलीच नाही. मानसिंगनं आईला दवाखान्यात सोडलं आणि मला थेट अंकलीच्या रस्त्याला घातलं. वाटेत गाडीच्या चाकांचा आख मोडून पडला होता, कडबा रस्त्यावर, आकाराम डोक्याला हात लावून. आम्ही तीन खेपा करून सगळ्या पेंढ्या पेठेत पोचवल्या. कोश्या माझ्यामागून मोकळा चालत आला आणि लिंबाखाली माझ्या शेजारी बसला. आम्ही दोघं नोकरीतली माणसं, मित्रांनो. मग मला लाज वाटली नाही.

एकवीस दिवस पुरे झाले, एकही चुकला नाही. पट्टी सुटली, आणि आणखी काही दिवसांनी चष्मा घ्यायला आम्ही पुन्हा सांगलीला आलो. म्हातारी आवारातल्या लिंबाखाली माझ्यात बसून राहिली. मानसिंग दुकानातून जाड भिंगांचा चष्मा घेऊन पळतच आला. हरणाबाई हात धुऊन आली. आकाराम आला. मी मनात म्हटलं, आता म्हातारी आधी मला बघणार, माझा रंग न्याहाळणार.

मानसिंगनं चष्मा तिच्या कानांवर बसवला. बनुबाईनं मला बघितलं नाही. लिंबाकडे नाही, बैलाकडे नाही. ती लेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हात वर नेऊन तिनं त्याच्या केसांवरून फिरवला.

"मान्या, केस पिकलं की रं तुजं! माझं पोरगं म्हातारं झालं, आन् मला कुनी सांगितलं बी न्हाई."

मानसिंग हसायला गेला आणि लहान पोरासारखा रडला. हरणाबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. माझ्यावर कर्नलसाहेब बसले, माझ्यापुढे सलाम झडले, पण मला कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यातला मोठा दिवस कोणता, तर मी हाच सांगते. तिला तिचा लेक दिसला आणि तिथवर तिला मी आणलं होतं.

पुढं पाच वर्षं मी राबले. मग इंजिन गेलं आणि मी इथं थांबले. मला पुन्हा रस्त्यावर आणा असं मी म्हणत नाही. शेळीला खाली उतरवलंत आणि पावसाळ्यात अंगावर एक ताडपत्री टाकलीत तरी माझं समाधान होईल.

पण एक मागणं आहे, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, शहरात राहाल, तुमच्या दारासमोर चार हात मोकळी जागा असेल. कुणी परगावचा माणूस तिथं गाडी लावू का म्हणून विचारील. गाडी कसली आहे ते मागाहून बघा. आधी विचारा, गाडीत कोण बसलं आहे.